आरूची वाकळ

म्हाळाचे, पितृपक्षाचे दिवस आले की आमच्या मलकापुरातल्या कंपाउंडच्या भिंतींना रंग चढतो. पाऊस मागं सरकलेला असतो, ऊन एकदम अंगावर येतं, आणि घट बसायच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं म्हणून बायका पदर खोचून उभ्या असतात. बिल्डिंगमध्ये प्रत्येकीकडं वॉशिंग मशीन आहे, पण वाकळ, म्हणजे जुनी लुगडी थरावर थर शिवून केलेली गोधडी, मशीनला पेलत नाही. ती पाणी पिऊन म्हशीसारखी जड होते. मग गच्चीवर बादल्या चढतात, पाइप ओढला जातो, दोघी दोन टोकांना धरून पिळा घालतात. दुपारपर्यंत भिंतींवर, जिन्याच्या कठड्यावर, उभ्या मोटारींच्या टपावरसुद्धा वाकळा पसरलेल्या असतात. लाल, हिरव्या, अंजिरी, कुणाच्या लग्नातल्या शालूचा तुकडा, कुणाच्या शाळेच्या फ्रॉकचा. त्या वाळायला लागल्या की एक वास सुटतो. सोड्याचा, उन्हाचा, आणि त्याखाली माणसांचा. कितीही बडवलं तरी माणसांचा वास राहतोच.

चार वर्षं झाली, या दिवसांत मी दुपारी खिडकी लावून घेते. शेजारच्या काकू विचारतात, "एवढं उकडतंय आणि दार-खिडकी बंद?" मी धुळीचं कारण सांगते. ते कारण खोटं नाही.

उंब्रजला असताना हेच दिवस माझ्या आवडीचे होते. वडील ट्रकवर. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. आठवड्यातनं एकदा घरी येणार, अंघोळ करून झोपणार आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत जाणार. त्यांच्या खाकी पॅन्टी फाटल्या की आई त्या उसवून, धुऊन, वाकळेच्या पोटात घालायची. वर लुगड्याचं मऊ कापड, आत बापाच्या पॅन्टी. आमच्याकडं सगळ्यांच्याच घरात अशी वाकळ असायची. वर बाई दिसते, आत बाप्या असतो. आई शिवता शिवता सांगायची, "बापाचं कापड आत असलं की पोर दचकत न्हाई." मी डिझेलच्या वासात झोपून मोठी झालेली मुलगी आहे. वडील घरात नसताना तो वास असायचा आणि त्यावर आमचं भागायचं.

वाकळा धुवायला आम्ही नदीला जायचो. कृष्णेचं पाणी तेव्हा गढूळपणा सोडून नुकतं निवळत असायचं. आई खडकावर बडवायची, मी पाण्यात उभी राहून दुसरं टोक धरायची. पिळा घालताना आई माझ्याकडं बघून म्हणायची, "जोर लाव की गं, पुस्तकं वाचून हात मऊ झाल्यात तुझं." त्यात टोमणा होता आणि अभिमानही होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडिलांनी माझ्या पदवीचा फोटो ट्रकच्या काचेवर आतल्या बाजूनं लावला होता, देवाच्या फोटोशेजारी. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं. हे मी आजही जरा मान वर करूनच सांगते. का सांगू नये?

त्या मान वर करण्यातनंच पुढचं सगळं झालं.

पुण्याच्या एका संस्थेनं कुपवाडमधल्या लहान मुलांच्या रक्तात शिसं किती आहे ते तपासायचं काम काढलं होतं. मुलाखतीत मला विचारलं, तुम्ही का? मी म्हणाले, कारण त्या घरांत कुठल्या कोपऱ्यात काय असतं ते मला ठाऊक आहे. मुलाखत घेणाऱ्या पुण्याच्या मॅडम हसल्या. नोकरी लागली.

शिसं हे फार सभ्य विष आहे. दिसत नाही, वास येत नाही, ताप आणत नाही. मूल हसतं, खेळतं, जेवताना कुरकुर करतं, आणि कुरकुर तर सगळीच मुलं करतात. आत मात्र ते हाडांत आणि मेंदूत जागा धरून बसतं. आणि ज्या वयात मेंदू भराभर वाढत असतो, नेमकं त्याच वयात मूल रांगतं, जमिनीवरचं उचलून तोंडात घालतं, बोटं चोखतं. शिसं येतं कुठनं? तर आपल्याच माणसाच्या अंगावरनं. कुपवाडला एका गल्लीच्या टोकाला पाटी नसलेली एक शेड होती. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या तिथं फोडत आणि आतलं शिसं वितळवून विटा पाडत. तिथली माणसं संध्याकाळी मोटरसायकलवरनं घरी यायची. कपड्यांवर, केसांत, बुटांच्या शिवणीत बारीक राखाडी धूळ. दारात मूल उभं. बाप गाडी स्टँडवर लावायच्या आत मूल पायाला मिठी मारायचं. कुठल्या बापानं त्याला लांब करावं?

ओळीनं घरं करत आम्ही चैत्रात सुरेखाच्या दारात पोचलो. आम्ही म्हणजे मी आणि नजीरभाई. नजीरभाई मिरजेचे, रक्त काढण्यात त्यांचा हात इतका हलका की मुलं रडायची विसरायची. ते सुई दाखवून सांगायचे, "ही मुंगी हाय. पण साळंत गेलेली मुंगी. इचारून चावती." मग खरोखर विचारायचे, "चावू का?" आणि मूल विचार करत असतानाच काम झालेलं असायचं.

सुरेखा तासगावकडची. नवरा संतोष त्या शेडमध्ये कामाला, भाड्याच्या दोन खोल्या, आणि आरोही नावाची दोन वर्षांची मुलगी. आरोही नाव फक्त आधार कार्डावर. घरात आरू. कपाळावर एवढी मोठी तीट, हातात काळे मणी, आणि कुणीही आलं की त्याच्या चपला उचलून आतल्या खोलीत लपवून ठेवायचा उद्योग. माझी एक चप्पल त्या दिवशी पिठाच्या डब्यामागं सापडली.

रक्ताचा पहिला आकडा आला तो बरा नव्हता, पण त्या गल्लीतल्या इतर मुलांइतकाच होता. मी परत गेले आणि सुरेखाला समोर बसवून सगळं समजावलं. संतोषचे कपडे वेगळे धुवायचे. कोरडा झाडू मारायचा नाही, फरशी ओल्या फडक्यानं दोनदा पुसायची. आरूचे हात जेवणाआधी साबणानं. दूध, नाचणी, पालेभाजी. ती एकेक गोष्ट बोटावर मोजत ऐकत होती.

"पोरीला काय झालंय का, मॅडम?"

"अजून काही नाही. होऊ नये म्हणून सांगते. मुख्य म्हणजे तिला फरशीवर बसवू नका. जाड वाकळ टाका आणि तिच्यावरच खेळू दे."

"आमची वाकळ पातळ झालीया. लग्नातली हाय."

"मग नवी शिवा की. उन्हाळाच आहे."

ती हसली. "सोपं हाय व्हय? तुमास्नी येती का शिवाया?"

"माझी आई अख्ख्या आळीला शिवून द्यायची."

"मग तुमी आमच्यातल्याच की वो," ती म्हणाली.

हे एक वाक्य मी त्या दिवशी मलकापूरपर्यंत एसटीत मनातल्या मनात घोळवत आले. आमच्या फॉर्मवर एक रकाना होता. मूल झोपतं ते अंथरूण कशाचं आहे, आत काय भरलं आहे, बघून लिहा. पुण्याच्या मॅडमनी तो मुद्दाम घातला होता. त्यांना वाकळ म्हणजे काय ते नीट माहीत नव्हतं, म्हणून त्या विचारत होत्या. मला माहीत होतं. मी मान वर न करता लिहिलं : सुती, घरी शिवलेली.

वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. पावसानं कुपवाडच्या रस्त्यांचा चिखल झाला. भाद्रपदात दुसऱ्यांदा रक्त तपासलं. जवळपास सगळ्या मुलांचे आकडे थोडे थोडे उतरले होते. कपडे वेगळे, फडकं ओलं, हात धुतलेले, एवढ्यानंही फरक पडला होता. मला नाचावंसं वाटत होतं. पानं उलटत खाली आले तर आरूचा आकडा वर. थोडा नाही, चांगलाच वर. मी नळीवरचा नंबर तपासला, नाव तपासलं, परत तपासलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या दारात उभी राहिले ती रागानंच. त्या रागाची मला आज लाज वाटते. पण तेव्हा वाटलं, इतकं सांगूनही ही बाई ऐकत नाही.

"सुरेखा, फरशी पुसत नाही तुम्ही."

"दोन टाइम पुसती, मॅडम." तिच्या हातात ओलं फडकं होतं. खरोखर होतं. फरशी अजून वाळली नव्हती.

"मग हे वर कसं गेलं? मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. नुकसान माझं नाही, तुमच्या पोरीचं आहे."

"तुमी सांगितलासा तसंच केलंय सगळं. पोरीनं खाली पाय टेकला न्हाई."

"काहीतरी तर चुकतंय ना?"

तिनं हातातलं फडकं परत पिळलं. आरू तिच्यामागं वाकळेवर बसली होती. नवीकोरी वाकळ, मधे लाल चौकोन, भोवती पोपटी काठ, धावदोरा इतका सरळ की फूटपट्टी लावावी. मी बघितलं, आणि मनात म्हणाले, हात छान आहे हिचा. बस, एवढंच बघितलं. आरूनं वाकळेचा एक कोपरा तोंडात धरला होता आणि तो चोखत ती माझ्याकडं टुकूटुकू बघत होती.

 परत येताना नजीरभाई गाडी चालवता चालवता म्हणाले, "सुई माझ्याकडं असती मॅडम, पर टोचता तुमी."

"म्हणजे?"

"म्हंजी काय? ती बाई खोटं बोलत न्हवती. रडणारं पोरगं आणि खोटं बोलणारी आई मला लांबनं वळखू येती. तीस वर्सं हेच करतोय."

मी त्यांना म्हणाले, आकडा खोटं बोलत नाही. ते म्हणाले, "तेबी खरं हाय."  दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर तिसरी कुठली तरी चुकली आहे, एवढं साधं गणित मला त्या रस्त्यावर सुचलं नाही. एम.एस्सी. असून.

चार-पाच दिवसांनी घरातल्या धुळीचे नमुने परत घ्यायला आम्ही गेलो. म्हाळाचे दिवस. सबंध गल्ली ओली होती. नळाला पाणी आलेलं, दारोदार बादल्या, सोड्याचा फेस गटारीपर्यंत गेलेला. सुरेखाच्या दारात एक गंमतच चालली होती. सुरेखा वाकळ धुवायला ओढत होती आणि आरू दुसरं टोक धरून, पाय रोवून, गळा काढून रडत होती.

"सोड गं बया. धुऊन देती की परत."

"माजी हाय."

"तुजीच हाय. तुजीच. कोन नेतंय?" सुरेखानं माझ्याकडं बघितलं. परवाच्या बोलण्याचा राग तिच्या तोंडावर कुठंच नव्हता. "बगा की मॅडम, ही जरा सोडंना. दिसभर हिच्यावरच. कोपरा चघळून चघळून उसवून ठेवलाय."

मी हसत आरूच्या हातातला कोपरा सोडवायला खाली वाकले. शिवण उसवली होती. पोपटी कापडाच्या आतनं दुसरं कापड डोकावत होतं. जाड, निळसर राखाडी. त्याला बारीक बारीक भोकं पडलेली होती, कडा जळल्यासारख्या. बॅटरीतलं तेजाब उडालं की कापडाला अशी भोकं पडतात. त्या शेडवरनं सुटणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मांडीवर ती मी पाहिली होती.

"आत काय घातलंय?" मी विचारलं. 

"ह्यांच्या कामाच्या पॅन्टी. तुमी म्हनलासा न्हवं, जाड पायजे म्हनून. लुगडी घालून कुटं जाड हुती? तीन पाण्यातनं काढून घातल्यात हां, तशा न्हाई घातल्या." तिला वाटलं, मला अस्वच्छतेची शंका आली. आणि मग जरा लाजून म्हणाली, "आनि बापाचं कापड आत असलं की पोर दचकत न्हाई म्हनत्यात."

माझ्या आईचं वाक्य. शब्दाला शब्द.

मी खाली बसले. सुरेखानं विचारलं, चक्कर आली का, पाणी देऊ का. नजीरभाईंनी कोपरा बघितला, माझ्याकडं बघितलं आणि गाडीतनं जाड प्लास्टिकची पिशवी आणायला गेले.  मी सुरेखाला धुऊ नका म्हटलं, कारण धुतलं असतं तर ते पाणी गटारीत, अंगणात गेलं असतं. जाळायचं तर नावच नको. ती तशीच बंद करून न्यायची होती. आरूला हे कुणी समजवायचं? ती पिशवीमागं रस्त्यापर्यंत पळत आली. नजीरभाईंना कुठलीही मुंगी आठवली नाही.

तपासणी व्हायला चार दिवस लागले. मला ते उत्तर आधीच माहीत होतं. त्या चार दिवसांत मी एकदा उंब्रजला जाऊन आईला सगळं सांगितलं. आई शेंगा निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आमी बी तुला तसंच निजवलं की. तुला काय झालं?" तिच्या आवाजात भीती होती आणि ती भीती ती रागात गुंडाळत होती. मी म्हणाले, डिझेलचं वेगळं, शिशाचं वेगळं. ती म्हणाली, "आमाला काय ठावं, कशात काय असतंय." आणि मग थोड्या वेळानं, शेंगांकडं बघतच, "पर तुला तर ठावं हुतं."

तिला बोचरं बोलायचं नव्हतं. तिनं फक्त हिशेब नीट मांडला होता. वाकळेत बापाचं कापड असतं हे मला ठाऊक होतं. त्या कापडात शिसं असतं हेही मलाच ठाऊक होतं. सुरेखाला यातलं अर्धंच माहीत होतं. पुण्याच्या मॅडमना दुसरं अर्धं. दोन्ही अर्धुकं एकाच डोक्यात असलेली त्या सगळ्यांत मी एकटी होते, आणि मीच म्हणाले होते, नवी शिवा की, जाड शिवा.

उत्तर घेऊन गेले तेव्हा संतोष कामावर होता. सुरेखा भाकरी थापत होती. मी सांगितलं, "वाकळेत होतं."

तिनं थापायचं थांबवलं. पिठानं पांढरे झालेले स्वतःचे हात ती बघत राहिली.

"म्हंजी म्या शिवली ती."

"तुम्ही मुद्दाम नाही केलं."

"न्हाई. पर म्याच शिवली की." तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. "ह्या हातानं."

हीच ती वेळ होती. इथं मला म्हणायचं होतं : शिवा असं मी सांगितलं, जाड शिवा असं मी सांगितलं, आत काय आहे ते विचारायचं माझं काम होतं आणि मी विचारलं नाही. ओठांपर्यंत आलं होतं. पण मी म्हणाले, "तुमची चूक नाही." मग कुणाची, ते सांगितलं नाही. तिनं करपलेली भाकरी काढून बाजूला ठेवली आणि मला चहा टाकला. मी तो प्याले.

त्यानंतर मी दर महिन्याला जात राहिले. प्रकल्प संपला, तरी गेले. संतोषनं ते काम सोडलं, आता तो लेथ मशीनवर आहे. आरूचा आकडा हळूहळू उतरला. पण मिरजेच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं, रक्तातनं उतरेल, जे झालं ते भरून येईलच असं धरू नका. आरू उशिरा बोलायला लागली. बोलते छान, गोड बोलते, पण सांगितलेलं डोक्यात ठरत नाही. दुकानात पाठवलं की दारातच विसरते. गाणं म्हणते ते पहिल्या ओळीपर्यंत, मग परत पहिली ओळ. चपला लपवायचा खेळ तिनं कधीच सोडून दिला. लपवून ठेवायचं म्हणजे कुठं ठेवलं ते लक्षात ठेवावं लागतं. हे सगळं वाकळेमुळंच का, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. मी शास्त्र शिकलेली आहे, मला ते कळतं. छातीठोक सांगता येत नाही म्हणून छातीवरचं ओझं कमी होत नाही.

आमचा शोधनिबंध छापून आला. त्यात एक ओळ आहे, कामाचे जुने कपडे अंथरुणात वापरण्याच्या स्थानिक पद्धतीबद्दल. स्थानिक पद्धत. पुण्यात मी तो वाचून दाखवला तेव्हा मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "त्या तिथल्याच असल्यामुळे त्यांना हे सापडलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असणार. माझा सल्ला त्या निबंधात कुठंच नाही. सल्ल्याला रकाना नव्हता.

या वर्षी ऊन लवकर तापलं. गेल्या आठवड्यात खाली कुणीतरी वाकळ बडवत होतं आणि मी सवयीनं खिडकी लावायला उठले. कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिले. चार वर्षं एक बाई आपल्याच हातांना दोष देत भाकऱ्या थापते आहे आणि मी खिडक्या लावते आहे. दुसऱ्या दिवशी कुपवाडला गेले. नेहमीची वेळ नव्हती.

सुरेखा दारात तांदूळ निवडत बसली होती. आरू शेजारी. आता सहा वर्षांची, पहिलीत. दोन वेण्या, समोरचे दात पडलेले. मी चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच बोलून टाकलं. बसले असते तर परत चहा आला असता आणि परत राहिलं असतं. वाकळ मी शिवायला सांगितली. जाड करा मी म्हणाले. आत काय घालणार ते मी विचारायला हवं होतं, तो माझ्या कामाचाच भाग होता, कागदावर लिहिलेलं होतं. ते न विचारता मी तुम्हालाच बोलले. आणि नंतर कळल्यावरही गप्प राहिले.

तिनं सूप खाली ठेवलं नाही. दोन खडे काढून बाजूला टाकले.

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"काय?"

"तुमीच म्हनला हुतासा, जाड शिव म्हनून. म्याच तर ऐकलं हुतं न्हवं? इसरीन कशी?"

"मग तुम्ही कधी बोलला का नाही?"

ती तांदूळ चाळतच होती. आवाजात राग नव्हता. मायाही नव्हती. बाजारहाट सांगावा तसं तिनं सांगितलं.

"बोलले असते तर तुमी परत आला नसतासा, ताई. साळंतल्या बाई म्हनत्यात ध्यान न्हाई पोरीचं. डाक्तर म्हनत्यात बगू. तुमी तेवढं दर म्हैन्याला येतासा. तिला जवळ घिऊन बसतासा, परत परत शिकवतासा. म्हनलं, ऱ्हाऊ दे. येत्यात तोवर येऊ द्यात."

 रडायचा हक्क मला नव्हता, म्हणून मी रडले नाही. माझ्या येण्याला मी चार वर्षं माझा चांगुलपणा समजत होते, निदान प्रायश्चित्त तरी. ती बाई मात्र आपला राग गिळून दर महिन्याला तिच्या पोरीसाठी मला बोलावून घेत होती.

मी खाली बसले. चहा झाला. आरूनं पाटी आणली. पाचापर्यंत आकडे काढले, पाचानंतर परत पाच काढले. मी सहा काढून दाखवला. तिनं तो गिरवला, छान गिरवला, पुसला, आणि परत पाच काढला. सुरेखा आतनं बघत होती. आम्ही पुन्हा सहा काढला. असं कितीतरी वेळ.

निघताना सुरेखानं विचारलं, "आता कवा?"

"मंगळवारी येते. आता दर आठवड्याला येईन."

"आरू, बाई मंगळवारी येनार हायत. म्हन, मंगळवार."

"मंगळवार," आरू म्हणाली.

मी पायरीशी चप्पल घालत होते. आरूनं आईचा पदर ओढला. "बाई परत कवा येनार?"

"मंगळवारी."

मी गल्लीत आले. मागनं पुन्हा तोच प्रश्न आला, तितक्याच उत्सुक आवाजात. पुन्हा सुरेखानं सांगितलं, मंगळवारी. गल्लीच्या वळणापर्यंत तो प्रश्न मला ऐकू येत होता, आणि प्रत्येक वेळी सुरेखा पहिल्यांदाच कुणीतरी विचारल्यासारखं उत्तर देत होती.